चादरीऐवजी ताटं

आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डाळीच्या डब्यावर ती डाळ कधी भरली त्याची तारीख असते. ती मी घालतो. बायकोला त्याचं हसू येतं आणि मुलं पाहुण्यांना मुद्दाम ते डबे दाखवतात. मला मात्र प्रत्येक वस्तू तिच्या जागी, तिच्या नावाखाली असलेली बरी वाटते. या सवयीमुळे नोकरीत माझं भलंच झालं. पण याच सवयीपायी एकदा माझ्या आईवर भर हळदीकुंकवात, ओळखीच्या बायकांसमोर, जे बोलायची वेळ आली ते आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. फार्मसीची पदविका संपवून मी उल्हासनगरच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात प्रशिक्षणाला लागलो होतो. आम्ही राहायचो बदलापूरला, कुळगावच्या बाजूला, एका दुमजली इमारतीत. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आई कुळगावचीच, शेतकऱ्याच्या घरातली. इमारतीतल्या इतर बायका नोकरदारांच्या, शहरी वळणाच्या. त्यांच्यात आईला मान होता तो तिच्या हातामुळे. कढईपाशी तिच्यासारखं कुणी बसू शकत नसे. कुणाकडे दिवाळीची चकली असो की लग्नाच्या रुखवताचे अनारसे, तेल तापलं की निरोप यायचा, "वहिनींना बोलवा." तेलात चिमूटभर पीठ टाकून ती नुसतं बघायची आणि म्हणायची, "थांब जरा." मग सगळ्या जणी थांबायच्या. बोलण्यातल्या तिच्या 'नाय' आणि 'ठावं'ला बायका एरवी हसायच्या, पण कढईपाशी कुणी हसत नसे.

हॉस्पिटलच्या फार्मसीच्या मुख्य एक सिंधी बाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. औषधांच्या बाबतीत त्यांनी मला पहिल्या पंधरवड्यातच पास करून टाकलं होतं. मात्रा, साठा, मुदत, यात माझी चूक सापडत नसे. बाकी सगळ्यात मी नापास होतो. खिडकीवर बाई औषध घ्यायला आली की मी गोळ्यांकडे बघून बोलायचो. वॉर्डातल्या सिस्टरशी बोलणं नको म्हणून चिठ्ठी पाठवायचो. कुणी तक्रार घेऊन आलं तर त्याला नियम वाचून दाखवायचो.

"अरे बाबा, तू माणसाशी बोलतो की डब्याशी?" मॅडम विचारायच्या. "गोळ्या काय, उद्या मशीन पण मोजेल. पुस्तकातलं तुला सगळं येतं. आता पुस्तकात नाही ते शिक."

ते शिकवायच्या त्यांच्या तऱ्हा होत्या. आठवड्यातून एकदा त्या मला केसपेपर घेऊन ओपीडीच्या रांगेत उभं करायच्या, ओळखीचं कुणी भेटलं तरी पुढे जायचं नाही या अटीवर. भांडायला आलेल्या माणसाला आधी बसायला स्टूल द्यायचं आणि मग तोंड उघडायचं, हा त्यांचा दंडक. आणि दर महिन्याला त्या एखाद्या वस्तीत जाऊन घरातल्या औषधांबद्दल बायकांशी बोलायच्या. प्रशिक्षण संपायच्या आत तसं एक भाषण मला एकट्याला उभं करायचं होतं. ते जमलं नाही तर खिडकीवर ठेवणार नाही, स्टोअरमध्ये बसवेन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नव्हती. मला फिट यायची. अकरावीत असताना पहिली आली, नंतर दोन. फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकही आली नव्हती. पण पहिल्याच वेळी डॉक्टरांकडून परतताना वडील म्हणाले होते, "हे घराबाहेर जाता कामा नये." तेव्हा लग्नाच्या कायद्यातसुद्धा वेडाच्या शेजारी फिटचा उल्लेख होता, तो वडिलांनी कुणा वकिलाकडून ऐकला होता. आईने गोळ्यांची बाटली कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि मी तिच्यावरचं लेबल ओलं करून नखाने खरवडून काढलं. त्यानंतर आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी काढलं नाही. रात्री जेवण झालं की आई बाटली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापाशी ठेवायची आणि ओटा पुसायला वळायची. दुपारची गोळी मी हॉस्पिटलात, स्टोअरच्या कोपऱ्यात कपाटाकडे तोंड करून घ्यायचो.

मॅडमचं भाषण मी पहिल्यांदा पाहिलं ते अंबरनाथला, बुवापाड्यात. एका घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी हॉस्पिटलची एक जुनी पांढरी चादर पसरली आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "टाका सगळं यावर. सगळ्यांचं एकत्र." पिशव्या, डबे, रुमालाच्या गाठी चादरीवर रिकाम्या झाल्या. पट्ट्या, पुड्या, मलमं, डोळ्यांचे थेंब, सगळ्याचा मोठा ढीग झाला. मॅडम त्यात हात घालून येईल ते वर धरायच्या. "हे कशाचं? कुणी सांगेल?" मग ते केव्हा घ्यायचं, केव्हा फेकायचं, कुणी अजिबात घ्यायचं नाही, हे सांगायच्या. बायका दबकत दबकत विचारायला लागल्या. पांढरं जाण्याचं, दारू सोडवायच्या पुडीचं, पाळी लांबवायच्या गोळ्यांचं. भाषण संपल्यावर मॅडम चक्क पाठ करून चहा प्यायला बसल्या आणि बायकांनी आपापलं उचललं.

मला ते सगळं गबाळं वाटलं. कुणाच्या घरात काय आहे याचा पत्ता नाही, उचलताना एकीची पट्टी दुसरीकडे गेली तर? त्या रात्री जेवताना मी घरी ते वर्णन करून सांगितलं, थोडं हसतच. "सगळी औषधं एका चादरीवर. कुणाचं काय, काही कळत नाही."

आईने ताक वाढता वाढता विचारलं, "कायच कळत नाय?"

"नाही ना! तेच तर म्हणतोय."

माझी पाळी आली ती संक्रांतीनंतर. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं. आपल्याच इमारतीतला मुलगा हॉस्पिटलात आहे याचा त्यांना अभिमान होता. त्या म्हणाल्या, "यंदा वाण म्हणून तुझं भाषण ठेवते." मी घरोघर जाऊन सांगून आलो, की घरातली एकूण एक औषधं आणा, एकही गोळी मागे ठेवू नका. आईलाही तेच सांगितलं. त्याच सुरात.

त्या दिवशी मॅडम उल्हासनगरहून मुद्दाम आल्या आणि भिंतीशी खुर्चीवर बसल्या. खोलीभर बायका, आणि दाराशी मी एकटा पुरुष. तळमजल्यावरच्या मावशी तोंडाच्या फटकळ होत्या. त्यांनी सुरुवातच केली, "अगं, याला पण लाव हळदकुंकू. आज हा सवाष्ण आहे."

हशा पिकला. मी पिशवीतून चादर काढली, पसरायला म्हणून वाकलो आणि तेवढ्यात काकूंच्या स्वयंपाकघरात मांडून ठेवलेली स्टीलची ताटं दिसली. मला ती कल्पना तिथल्या तिथे सुचली आणि फार आवडली. एका घराला एक ताट. ताटात खोलीचा नंबर लिहिलेला कागद. मिसळायचा प्रश्नच नाही. मी चादर घडी करून ठेवली आणि ताटं मागितली. मॅडम खुर्चीत जरा पुढे सरकल्या, पण बोलल्या नाहीत. भाषण माझं होतं.

आई मागच्या रांगेत बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. ताट तिच्यापुढे आलं तेव्हा तिने ती पिशवी दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, तिला कळलं नाही. मी म्हणालो, "ओत ना, आई. सगळ्यांनी ओतलंय." शेजारच्या बाईने पिशवीचं एक टोक धरून मदतही केली.

भाषण चांगलं चाललं होतं. मी एकेक ताट पुढे घेत होतो, औषधाचं नाव, काम, मुदत सांगत होतो. मुदत संपलेलं सगळं पाण्याच्या बादलीत टाकत होतो. बायका ऐकत होत्या. मला वाटायला लागलं की हे मला जमतंय. आवाज चढला. मी म्हणालो, "सगळ्यात धोक्याची म्हणजे लेबल नसलेली बाटली. ती कशाचीही असो, घरात ठेवायची नाही. सरळ बादलीत."

"अगंबाई, ही बघ! इथेच एक!" काकूंनी हात उंच केला. आईच्या ताटातली बाटली त्यांच्या हातात होती. "आणि ती पण भाषणवाल्याच्याच घरची!"

खोली हसली. मावशी म्हणाल्या, "दिव्याखालीच अंधार! काय रे, कशाच्या या गोळ्या?"

माझ्या नखांच्या खुणा बाटलीवर दिसत होत्या. मॅडम बघत होत्या. मी हात पुढे केला, बाटली घेतली, आणि म्हणालो, "लेबल नाही. फेकायच्या."

झाकण उघडून मी बाटली बादलीवर धरली. मी तिरपी करणार तेवढ्यात आई उठली.

"फेकू नको!" ती एवढ्या मोठ्याने कधी बोलत नसे. "माझ्या हायत त्या. फिटच्या."

एक बाई हळूच म्हणाली, "तुम्हाला फिट येते, वहिनी?"

"येते," आई म्हणाली. "कधी कधी."

मी काय केलं? झाकण लावलं. बाटली आईच्या ताटात ठेवली. आणि पुढचं ताट ओढून मुदत बघायला लागलो. माझा आवाज माझा मलाच ऐकू येत होता, क्रोसिन जेवणानंतर, क्रोसिन उपाशीपोटी नाही. मॅडमनी शेवटी उठून "चला, तिळगूळ थंड होतो" असं काहीतरी बोलून ते संपवलं. तिळगूळ थंड होत नसतो, पण सगळ्या जणी उठल्या.

मॅडमना सोडायला मी स्टेशनपर्यंत गेलो. बाजारपेठ संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी चादर का टाकते, तू कधी विचारलं नाहीस."

चादरीची पिशवी मी या हातातून त्या हातात घेतली.

"कुणाचं काय, ते कळू नये म्हणून टाकते. तुला वाटलं मॅडमला मांडणी येत नाही." मग पदर खोचत त्यांनी विचारलं, "बाटली सांडली नाही ना? आज रात्री घ्यायची आहे तुला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुपारी जेवणानंतर रोज तू कपाटाकडे तोंड करून पाणी पितो. फार्मसी चालवते मी, किराणा नाही." त्या थांबल्या. "मला सांगायचं की नाही, तुझी मर्जी. पण आईने आज तुझा आजार अंगावर घेतला. तो तसाच ठेवणार आहेस तू तिच्यावर?"

मी म्हणालो, नाही, सांगतो. आणि घरी आलो. आईने रोजच्यासारखी बाटली आणि तांब्या ठेवला आणि ओटा पुसायला वळली. मी गोळी घेतली. काहीच बोललो नाही. वडिलांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झालं ते झालं. निदान पोराचं नाव आलं नाही." माझी त्यावर सुटका झाली, असं मला वाटलं. याची लाज मला आईच्या त्या खोट्या बोलण्यापेक्षा जास्त वाटते.

जानेवारी गेला, होळी गेली. मी खिडकीवर लोकांच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकलो. तक्रारवाल्यांना स्टूल द्यायला लागलो. मॅडमनी त्या दुपारचा विषय पुन्हा काढला नाही आणि खिडकीवर ठेवणार की स्टोअरमध्ये, तेही सांगितलं नाही.

इकडे इमारतीत सगळे आईशी फार चांगलं वागत होते. तेच बघवत नव्हतं. नळावर ती हंडा उचलायला गेली की कुणीतरी पुढे होऊन उचलायचं. जिन्यात काकू तिचा दंड धरायच्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला ती निघाली की एखादी पोरगी मागे पाठवली जायची, "जा गं, वहिनींबरोबर जा, कठड्यापाशी जाऊ देऊ नको." मावशींनी तर आमच्यासमोरच सांगितलं, "वहिनी घरी आल्या की मी चप्पल हाताशीच ठेवते बाई. वेळ काय सांगून येते?" फिट आलेल्या माणसाला चामड्याची चप्पल हुंगवतात, ही तेव्हाची समजूत. आई हसून म्हणाली, "तुमची नको बाई, तुमची फाटकी हाय." सगळ्या जणी हसल्या. मीही तिथेच होतो, पेपर वाचत.

पण तळणीला तिला कुणी बोलावलं नाही. होळीला नाही, पाडव्याला नाही. तापलेलं तेल आणि फिटची बाई, बोलावणार कोण? वास जिन्यातून यायचा. आई दार उघडून उभी राहायची, नाक जरा वर करून. एकदा आपल्याशीच म्हणाली, "तेल जास्त तापवलंय." आणि आत आली.

एप्रिलमध्ये काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवताचं फराळाचं करायला इमारतीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे जमल्या. आईलाही बोलावणं होतं, पण चकलीचं पीठ मळायला. त्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी काकूंच्या धाकट्या पोराने वरून हाक मारली, "दादा, लवकर या! तुमच्या आईला फिट आली!"

मी जिना कसा चढलो आठवत नाही. स्वयंपाकघरात धूर आणि गर्दी. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली. दोघींनी तिचे हात घट्ट धरले होते, एक तिच्या तोंडात चमचा घालू बघत होती आणि मावशी तिच्या नाकाशी चप्पल दाबून ओरडत होत्या, "हुंगा वहिनी, जोरात हुंगा!"

आई मान वळवत होती. "अगं सोडा गं, मला काय नाय झालं! उकडलं म्हणून बसलेय!"

"असंच म्हणतात," मावशी म्हणाल्या. "यांना आठवत नसतं."

आई त्या चपलेवरून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे मला सांगत होते, बोलू नको. ते मला स्वच्छ कळलं. तीन महिने मी तेच तर ऐकत होतो.

"मावशी, चप्पल काढा," मी म्हणालो. "तिला फिट येत नाही. त्या गोळ्या माझ्या आहेत. फिट मला येते."

चमचा घेतलेली बाई तशीच थांबली.

"माझ्या आहेत," मी परत म्हणालो. "अकरावीपासून. त्या दिवशी आई खोटं बोलली ती माझ्यासाठी. तिला कधी काही झालेलं नाही. ती कढईपाशी बसू शकते." मग बोलायला आणखी काही सुचेना तेव्हा जे पाठ होतं ते बाहेर पडलं. "आणि कुणाला खरंच फिट आली तर तोंडात काही घालायचं नाही, हात दाबायचे नाहीत, चप्पल लावायची नाही. कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. बस." मी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत होतो.

मावशींनी चपलेकडे बघितलं. काकू काहीतरी म्हणायला गेल्या, "म्हणजे, वहिनी, तुम्ही इतके दिवस..."

"अगं बोलता काय!" आई एकदम उठली. "चकल्या करपल्या!"

तिने झारा ओढून घेतला. काळ्या पडलेल्या चकल्या काढल्या, गॅस बारीक केला, चिमूटभर पीठ तेलात टाकलं आणि म्हणाली, "थांबा जरा." सगळ्या जणी थांबल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्या मात्र पाहत होत्या, आणि नजर भिडली की खाली बघत होत्या. मावशींनी चप्पल दाराशी नेऊन ठेवली, मी उभा होतो त्याच बाजूला. "आता ही याच्यासाठी इथेच असू दे होय?" त्या म्हणाल्या. एक दोघी हसल्या. मीही हसलो, आणि तिथे फार वेळ उभं राहवेना म्हणून खाली आलो.

संध्याकाळी आई खाली आली ती संतापलेली. कपड्यांना तळणीचा वास, हातात रुखवतातल्या चार चकल्या.

"तुला कुणी सांगितलेलं बोलायला? मी म्हटलेलं काय? आता तुला पोरगी कोण देईल? मावशीची जीभ ठावं नाय तुला? अंबरनाथपर्यंत जाईल ते."

मी म्हणालो, "तुला चप्पल लावत होते."

"लावू दे की! माझं नाक हाय." मग ती खाली बसली. संताप ओसरल्यावर म्हणाली, "चूक माझीच झाली. मीच नेली ती बाटली."

"मीच सांगितलं होतं ना, सगळं आण म्हणून."

"तू सांगितलंस म्हणून नाय नेली." ती चकलीचा तुकडा मोडत होती, खात नव्हती. "तू म्हणालेलास, एका चादरीवर टाकतात. कुणाचं काय कळत नाय. मला वाटलं, ती बाई, तुझी मॅडम, उचलेल ती बाटली. सांगेल कशाची ते. मग मी मागून विचारीन, कुणाला कळणार नाय कुणाची ती."

"काय विचारणार होतीस?"

"हेच, की जन्मभर घ्यायच्या काय या? का सुटतात कधी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बापाला विचारलं तर म्हणतो विषय काढू नको. डॉक्टरकडे मला नेलं नाय. तुला कसं विचारू? तुला वाईट वाटेल. म्हटलं चादरीवर विचारावं."

रोज खिडकीवर मी शे-दीडशे माणसांना सांगत होतो, ही किती दिवस, ती केव्हा बंद. माझ्या घरात, माझ्या औषधाबद्दल, एक माणूस पाच वर्षं हाच प्रश्न घेऊन ओटा पुसत होतं. ती पाठ फिरवते ती मला लाज वाटू नये म्हणून, एवढंच मी समजलो होतो. तिला विचारायचं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ज्या एका दिवशी तिने विचारायचं ठरवलं, त्या दिवशी मी चादर घडी करून ठेवली होती.

मी तिच्यासमोर पाट ओढून बसलो. "ऐक," म्हणालो, आणि तिथेच अडलो. अनोळखी बाईला हे सांगणं सोपं असतं. मग हळूहळू सांगितलं. गोळ्या मनाने कधीच थांबवायच्या नसतात, एकदम थांबवल्या तर फिट परत येते, जास्त जोरात येते. काही वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर थोड्या थोड्या कमी करून बघतात. काहींच्या सुटतात. काहींच्या सुटत नाहीत, पण तेही बाकीच्यांसारखे जगतात, नोकऱ्या करतात. माझं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

मॅडमचा एक नियम होता. सांगून झालं की समोरच्याला म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा. ते आईला म्हणायला मला संकोच वाटत होता. तिने आपणहूनच सुरू केलं, बोटांवर मोजत.

"एकदम थांबवायच्या नाय. कमी करायच्या त्या डॉक्टरने. सुटल्या तर सुटल्या. नाय सुटल्या तरी मरत नाय कुणी." मग थांबून, "बरोबर?"

"बरोबर."

"मग हे आधी सांगायला काय झालेलं तुला?"

मावशींनी आपलं काम चोख केलं आणि पहिली दोन स्थळं परत गेली, हे सांगायला हवं. मॅडमना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता खिडकीवर बस," आणि हिशेबाच्या कागदांकडे वळल्या. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी आईने उठून साड्यांच्या मागची बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली, पाण्याचा तांब्या न घेता. गोळीची वेळ अजून झाली नव्हती.

"तूच म्हणालास ना त्या दिवशी, लेबल नसलेली बाटली घरात ठेवायची नाय? लिही."

मी कागदाची पट्टी कापली. औषधाचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली, जेवणानंतर असं लिहिलं. बाटलीला लावायला गेलो तर तिने हात धरला.

"नाव?"

"लिहिलंय की. फेनिटॉइन."

"ते नाय. ज्याचं हाय त्याचं."

मी परत पेन उघडलं. ती ओटा पुसायला वळली नाही, तिथेच उभी राहून बघत होती.